पाहुण्याच्या कुशीतला गारवा

ही गोष्ट कुणालाही पटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्याला पटेल त्याने आपल्याला ऊन तर लागलं नाही ना, हे एकदा बघून घ्यावं. आजवर ज्यांनी ज्यांनी ती ऐकली, त्यांतल्या एकानेही मान डोलावली नाही; एक गृहस्थ तर अर्ध्यातून उठून गेले आणि घाईत दुसऱ्याच्याच चपला घालून गेले. तरी गोष्ट खरी आहे. आक्काची नणंद ही काय समोरच्या बाकावर बसली आहे, मांडीवर कुत्र्याचा तुटका पट्टा आणि हातात दाभण. तिला विचाराल तर ती नाही म्हणेल. पण नणंदबाई घड्याळालाही नाहीच म्हणतात, तेव्हा त्यांचं फारसं मनावर घेऊ नका.

तर आक्का कुत्री सांभाळते. लोक परगावी निघाले की आपापली कुत्री तिच्याकडे आणून सोडतात. जागा म्हणाल तर ही मागे दिसते तीच, जुन्या लाकडाच्या वखारीची शेड. वखार बंद पडली, फळ्या मागे उरल्या, त्या फळ्यांचे आक्काने खण पाडले. एका खणात एक कुत्रं, प्रत्येक खणाला कडी. वर पत्रा आहे, त्याला उन्हाळ्याच्या तोंडाशी ती स्वतः शिडी लावून चुना फासते. खिडक्यांना ओली गोणपाटं, त्यांच्यासमोर पंखे आणि कूलर. पाणी मातीच्या परळात, कारण स्टीलचं भांडं तापतं आणि कुत्रं तोंड फिरवतं. फिरायला न्यायचं ते उजाडायच्या आत. त्यानंतर कुणी मालक आला आणि म्हणाला, जरा पाय मोकळे करून आणतो, की आक्का त्याला रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवायला लावायची. चटका बसून हात मागे आला की म्हणायची, "तुमच्या पायात बूट आहेत. त्याच्या पायात काय आहे?"

मालकांच्या तऱ्हा तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. एकाला आपल्या केसाळ कुत्र्याचं मुंडण करून हवं होतं, म्हणजे त्याला गार वाटेल. आक्का म्हणाली, "ती त्याची रजई नाही साहेब, छत्री आहे. काढलीत तर कातडी भाजेल." दुसरी एक बाई सांगून गेली की आमच्या राणीला दुपारी झोपताना गाणं लागतं. तिसऱ्याचं कुत्रं म्हणे भिंतीकडे तोंड केल्याशिवाय जेवत नसे. आक्का सगळ्यांना हो म्हणायची. हो म्हणायला काही लागत नाही. मालक पाठ वळवून गेला की ती आपल्या रीतीने वागायची आणि परत न्यायला आल्यावर कुत्री गुटगुटीत दिसायची, मग कोण विचारतो गाणं लावलं होतं का.

तिची सगळी विद्या जिभेत होती. स्वतःच्या नव्हे, कुत्र्यांच्या. माणसाला घाम येतो, कुत्र्याला येतो तो पंजाच्या गादीला सुटेल तेवढाच. बाकीची सगळी उष्णता बिचाऱ्याने जिभेवाटे बाहेर टाकायची. म्हणून ऐन दुपारी आक्का शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जिभा बघत जायची. किती लोंबते आहे, टोकाशी पसरली आहे का, रंग गुलाबी की विटेसारखा, लाळ पातळ की चिकट. विटेसारखी जीभ दिसली की ते कुत्रं उचलून मोरीत. पोटाला साधं पाणी, पंजांना पाणी, कानांच्या आतून ओला बोळा. बर्फाचं पाणी एकदम ओतायचं नाही आणि अंगावर ओला टॉवेल पांघरायचा नाही, टॉवेलाखाली ते आतल्या आत शिजतं. आणि जीभ आत असेल, तोंड मिटलेलं असेल, तर ते कुत्रं मजेत आहे. त्याच्यापाशी थांबायचंसुद्धा नाही. या रीतीने तिला जन्मात कधी दगा दिला नव्हता.

आता हवालदार. हवालदार हा कुत्राच, पण घरचा. चपटं नाक, कपाळाला आठ्या, गालाच्या झोळ्या. आक्काचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. त्याला हा एका दुपारी बंद मोटारीत सापडला होता. मालक खरेदीला गेलेला, काचा वर केलेल्या, आणि आत पिल्लू काचेला जीभ लावून पडलेलं. ड्रायव्हरने पान्याने काच फोडली आणि पिल्लू घेऊन जो निघाला तो थेट घरी. तेव्हापासून हवालदाराचा श्वास सुधारला म्हणून नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळा तसाही वैरी असतो. हवालदार तर चालला तरी लाकडावर आरी चालल्यासारखा आवाज यायचा. त्या वर्षी तो पुरता म्हातारा झाला होता, आणि ड्रायव्हरला नेमकी त्याच उन्हाळ्यात लांबची खेप लागली.

जाताना तो बायकोला एवढंच म्हणाला, "मी येईपर्यंत याला धरून ठेव."

"ठेवते," आक्का म्हणाली.

"मरायचंच असेल तर माझ्या समोर मरू दे."

"ठेवते म्हटलं ना. निघा आता, ऊन चढेल."

त्या उन्हाळ्यात आक्काला दुसरं काही नको होतं. हवालदार जिवंत हवा, ट्रक दाराशी थांबेल तेव्हा. नणंदबाईंनी त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्यांच्या खोलीतला कूलर उचलून हवालदाराच्या खणासमोर गेला होता ना.

"या घोरणाऱ्या पोत्यापायी मी उकडून मरते," त्या म्हणायच्या. "माझ्या भावाला विचार एकदा, कुत्रं सांभाळायचंय की बहीण."

"विचारलं होतं, वन्सं. काय म्हणाले ते ऐकायचंय का?"

"नको. माहीत आहे मला."

असं चाललं होतं, तेवढ्यात पाहुणा आला.

भर दुपार होती. रस्त्यावरचं डांबर इतकं मऊ झालं होतं की सायकल लावून ठेवावी तर स्टँड आत रुतायचा. चिटपाखरू नव्हतं. आणि त्या रस्त्याने एक माणूस चालत आला, अंगात लोकरीचा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, कानांना मफलर. त्याच्या मागे एक कुत्रं. ना धड मोठं, ना धड लहान, धुतलेल्या पाटीच्या रंगाचं, अंगाला तोकडे केस. आक्काने माणसाकडे बघितलंच नाही, तिची नजर गेली पंजांकडे. तापल्या डांबरावर कुत्रं नाचत चालतं, एक पाय टेकला की दुसरा उचलतं. हे सरळ चालत होतं, गालिच्यावरून चालावं तसं.

"अहो, या वेळी कोण आणतं कुत्र्याला बाहेर?" आक्का खवळली. "हात टेकवून बघा जरा रस्त्यावर."

माणूस खाली वाकला. त्याने हात टेकवला आणि मागे घेतला नाही. तळवा, मग पालथा, मग परत तळवा. शेकोटीपुढे बसल्यासारखा तो शेकत होता.

आक्काच्या मानेवरून काहीतरी सरकून गेलं. तरी ती धंद्याची बाई. म्हणाली, "ठेवायचाय का?"

"ठेवायचाय," माणसाचे दात वाजत होते. "याला ऊन लागत नाही, बाई."

"सगळे असंच म्हणतात. मग एक दिवस उचलून आणतात माझ्याकडे."

"एकटा ठेवा. कुणाला याच्याजवळ झोपू देऊ नका."

"हो."

"नक्की?"

"हो म्हटलं की. कधी नेणार?"

"ऊन उतरलं की," असं म्हणून तो गेला, सावली सोडून, रस्त्याच्या उन्हातल्या बाजूने.

आक्काने कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. भरल्या माठाच्या पोटावर हात ठेवावा तसं वाटलं तिला. नाक गार, कान गार. तोंड मिटलेलं. तिने त्याला शेवटच्या खणात ठेवलं, पाण्याचं परळ दिलं, कडी लावली. त्याने पाण्याचा वास घेतला नाही. तो तिच्याकडे बघत बसला, आणि बराच वेळ त्याची एकही पापणी हलली नाही.

"याला काय नाव?" नणंदबाईंनी विचारलं.

"विचारायचं राहिलं."

"मग पाहुणा म्हण. पाहुण्यासारखाच बसलाय, काही घेत नाही."

इथवर ठीक होतं. पुढे कोपऱ्यावरची डीपी जळाली. मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि सबंध रस्त्याची वीज गेली. पंखे हळू हळू फिरत थांबले. कूलर थांबले. बर्फाचा कारखाना त्याच डीपीवर, म्हणजे बर्फही गेला. मोबाइल मुके झाले. वीज मंडळाचा माणूस येऊन खांबाकडे बघून गेला, खांबाने त्याच्याकडे बघितलं, त्यापलीकडे काही झालं नाही.

दुपारी शेडमध्ये उभं राहवेना. टाकीतलं पाणी चहाला चालेल असं येत होतं. आक्का जिभा बघत निघाली आणि पहिल्याच खणात वीट, दुसऱ्यात वीट, तिसऱ्यात वीट. दोघी नणंदा-भावजया विहिरीतून बादल्या ओढून आणत होत्या, पोटं भिजवत होत्या, गोणपाटाने वारा घालत होत्या. एकाला शांत करावं तोवर दुसरं आडवं व्हायचं. हवालदाराची आरी मध्येच अडकत होती. अडकली की आक्काचा जीव टांगणीला, सुटली की पुढच्या बादलीकडे.

आणि मग आरी थांबली.

आक्का बादली टाकून धावली. हवालदार आपल्या खणात नव्हता. कडी लावायची राहिली होती बहुतेक. तो सरपटत शेवटच्या खणापर्यंत गेला होता आणि बाहेरून फळीला कूस लावून पडला होता, आतून पाहुणा टेकला होता तिथेच. त्याचं तोंड मिटलेलं होतं. पोट संथ हलत होतं. इतक्या शांतपणे श्वास घेताना हवालदाराला आक्काने कधी बघितलं नव्हतं. तिने फळीवर हात ठेवला. फळीला दव सुटलं होतं.

तिने पाहुण्याच्या खणाची कडी काढली.

"वहिनी," नणंदबाई मागून म्हणाल्या, "तो माणूस काय म्हणाला होता?"

"इथे येणारे पुष्कळ काही म्हणतात, वन्सं."

"एकटा ठेवा म्हणाला होता."

"भिंतीकडे तोंड करून जेवू घाला, असंही म्हणतात. जीभ बघा याची. आत गेली."

"मला नाही हे बरं दिसत."

"तुम्हाला काय बरं दिसतं ते सांगा आधी."

बाकीच्या खणांतून कुत्री कण्हायला लागली होती. भुंकत नव्हती, पावसाळ्यात दाराच्या फटीतून वारा येतो तसा बारीक सूर. सगळ्यांची तोंडं शेवटच्या खणाकडे. आक्काने एकेक कडी काढली. मोठी, छोटी, केसाळ, तोकडी, एरवी एकमेकांवर गुरगुरणारी सगळी निमूटपणे रांगेने गेली आणि पाहुण्याभोवती पडली, एकाच्या पाठीवर दुसऱ्याची मान. आणि एकापाठोपाठ एक जिभा आत गेल्या.

आक्का मोरीच्या कठड्यावर बसली आणि तिला रडू फुटलं. मग तिथेच तिला झोप लागली.

पुढचे काही दिवस शेडमध्ये स्वर्ग होता. बाहेर पत्रा तडतडत होता, आत पाय ठेवला की अंगाला गारवा लागायचा. पत्र्याच्या भिंतीला घाम सुटायचा, थेंब थेंब खाली ओघळायचे. माशासुद्धा बसेनात. आक्का दुपारी यायची, नजर फिरवायची. एकही जीभ बाहेर नाही. ती समाधानाने परत जायची आणि ट्रकचा आवाज येतोय का म्हणून कान देऊन बसायची.

खटकत होतं ते नणंदबाईंना, पण त्यांना कधी काय खटकत नाही?

"परळं भरलेलीच आहेत, वहिनी."

"तहान नसेल."

"खाणंही तसंच आहे."

"उन्हाळ्यात कमी खातात."

"भुंकलं का कुणी इतक्या दिवसांत? त्या पोस्टमनवर तरी?"

"तुम्हीच म्हणत होतात ना, डोकं उठतं म्हणून?"

"म्हणत होते," नणंदबाई म्हणाल्या. "आता उठत नाही. म्हणून तर मला झोप नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती आक्काने कानाआड केली. पाहुणा पाणी प्यायला लागला होता. आधी एक घोट, मग अर्धं परळ. त्याची पापणी हलायला लागली होती. नणंदबाई पट्टा घेऊन जवळून गेल्या तर त्याने शेपूट हलवली होती, अगदी थोडी, कशी हलवतात हे आठवून बघितल्यासारखी.

मग ती दुपार आली. आक्का शेडच्या दारात उभी राहिली आणि तिला धापा टाकल्याचा आवाज आला. एकाच कुत्र्याचा. बाकी सगळं चिडीचूप. इतक्या दिवसांत जीभ बाहेर आली कुणाची? ती आवाजाच्या मागावर शेवटच्या खणाशी गेली. ढिगाच्या मधोमध पाहुणा बसला होता. तोंड उघडं, गुलाबी जीभ लोंबते आहे, डोळे चमकताहेत, पोट भात्यासारखं चालतंय. ती रीतीप्रमाणे वागली. त्याला उचलून मोरीत नेलं, पोटाला पाणी लावलं, पंजांना लावलं, कानात बोळा फिरवला. अंग कढत होतं. त्याने तिचा हात चाटला. चांगला तरणाबांड कुत्रा दिसत होता.

परत आणताना तिने त्याला जागा करायला म्हणून हवालदाराला बाजूला सरकवलं, आणि हात तसाच राहिला तिचा.

हवालदार गार होता. भिजलेल्या मातीसारखा नव्हे, हिवाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या लोखंडासारखा. तिने त्याचा जबडा उघडला. जीभ आत होती, आणि पाटीच्या रंगाची होती. अंगठा लावला तर अंगठा बधिर झाला. मेलाय म्हणावं तर डोळे उघडे होते आणि डोळ्यांतली बाहुली तिच्या मागे मागे फिरत होती. तिने शेजारच्याला हात लावला. गार. त्याच्या पलीकडचीला. गार. आता त्या सगळ्या ढिगातले सगळे डोळे तिच्याकडे बघत होते, आणि एकही पापणी हलत नव्हती. शेडमध्ये श्वास एकच चालला होता, तिच्या शेजारी, पाहुण्याचा.

आयुष्यभर ती बाहेर आलेल्या जिभेला भीत आली होती. आत गेलेल्या जिभेपाशी ती कधी थांबलीच नव्हती.

हातपाय गाळून बसणारी बाई असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण आक्काने नणंदेला हाक मारली, डॉक्टरकडे पिटाळलं, रस्त्याच्या टोकाला जनावरांचा दवाखाना आहे तिकडे. नणंदबाई पदर खोचून पळाल्या. (आता दाभण थांबवून बघताहेत त्या. बघू द्या.) आणि आक्काने ते केलं जे तिने दुसऱ्या कुणाला करताना बघितलं असतं तर त्याच्या झिंज्या उपटल्या असत्या. तिने त्या कुत्र्यांना उचलून भर दुपारच्या उन्हात अंगणाच्या काळ्या फरशीवर ठेवलं. फरशी अशी तापली होती की पाणी सांडलं तर सुकताना सूं करायचं. तिचे स्वतःचे तळवे पोळत होते. एकेक आणायचं, ठेवायचं, परत आत. जाणाऱ्या-येणाऱ्याने बघितलं असतं तर पोलीस बोलावले असते. तिच्या स्वतःच्या मनातही कुणीतरी ओरडत होतं, बाई, मारतेस तू यांना, चूक असशील तर सगळ्यांना एकदम मारतेस.

मग केसाळ कुत्र्याचा कान हलला. राणीने पाय ओढून घेतला. तिला चटका बसला होता. ती कळवळून ओरडली आणि तो आवाज आक्काला गाण्यासारखा वाटला. एकेक जीभ बाहेर यायला लागली, आधी टोक, मग सगळी. तिने त्यांना तशीच ढकलत भिंतीच्या सावलीत नेलं, परळं पुढे केली. पाणी पिण्याच्या लपलप आवाजाने अंगण भरून गेलं.

एक तेवढा राहिला. हवालदार सगळ्यांत आधी पाहुण्याला टेकला होता आणि सगळ्यांत जास्त दिवस टेकला होता. फरशीवर ठेवला तसाच तो पडून होता. आक्काने त्याला जरा सरकवलं, तर तो होता तिथली फरशी गार लागली. त्याच्या आकाराचा गारवा दगडात उमटला होता. पुन्हा तापल्या जागेवर ठेवला, तीही जागा गार झाली. ऊन त्याच्यात जात होतं आणि कुठेच पोचत नव्हतं.

दगडाने भागणार नाही हे तिला कळलं. ती उन्हात फतकल मारून बसली आणि हवालदाराला मांडीवर घेतलं, छातीशी धरलं, दोन्ही हातांनी. धरून ठेव म्हणाला होता ना तो. तिने धरलं.

पाहुणा शेडच्या दारात येऊन बसला होता. जीभ बाहेर, मान तिरकी. आपण शिकलेलं काम दुसरं कुणी करू लागलं की कारागीर बघतो तसा बघत होता.

आधी आक्काचे पाय गेले. पायांपासून सुरू झालं ते, घोटे, मग पोटऱ्या, मग गुडघे. थंड पाण्याच्या विहिरीत पायरी पायरीने उतरावं तसं. वर सूर्य आग ओकत होता आणि तिच्या दातांवर दात आपटायला लागले. घाम आला होता तो अंगावरच गार झाला. सोडून दे, असं तिला मधून मधून वाटत होतं, पण सोडण्यासाठी हात लागतात आणि हात आता तिचे राहिले नव्हते. कमरेपर्यंत आलं. छातीपर्यंत आलं. मग मांडीवर काहीतरी अडकलं, सुटलं, परत अडकलं. आरी. जुनी गंजलेली आरी लाकडात पहिल्यांदा फिरते तशी. हवालदाराने तोंड उघडलं आणि त्याची ती फताडी, वाकडी जीभ बाहेर लोळली, गुलाबी, आणि तिच्या मनगटावर लाळ पडली, गरम.

पाहुणा उठला. फाटकातून बाहेर पडला. डांबरावर पाय ठेवताच विव्हळला, दुसरा उचलला, तिसरा उचलला, आणि कुठल्याही साध्या कुत्र्यासारखा नाचत, चटके खात, कडेच्या सावलीकडे पळत सुटला. पळता पळता एकदा थांबून त्याने आपल्या पंजाकडे बघितलं, तो पोळतोय याचं त्याला कौतुक वाटल्यासारखं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. स्वेटरवाला त्याला न्यायला आला नाही.

डॉक्टर पोचले तोवर त्यांच्यासाठी काही काम उरलं नव्हतं. वीज आली. ऊन उतरायला लागलं. एका संध्याकाळी फाटकाशी ट्रक थांबला, आणि ड्रायव्हर खाली उतरतो तोच हवालदार आरी चालवत, झोकांड्या खात गेला आणि त्याच्या बुटावर बसला. ड्रायव्हरने वाकून त्याच्या कपाळाच्या आठ्यांवरून हात फिरवला. मग बायकोला म्हणाला, "धरलंस की."

"धरलं," आक्का म्हणाली.

आणि तेव्हापासून, मंडळी, आक्काचे हात गार आहेत ते आहेतच. तिने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला की कुत्रं डोळे मिटतं. भर उन्हात ती अंगभर पांघरून बसते आणि विचारलं तर म्हणते, वाऱ्याने जरा. पायांपासून सुरू झालेला तो गारवा अजून तिच्या...

"खोटं," नणंदबाई म्हणाल्या. दाभण पट्ट्यात अर्धं रुतून राहिलं होतं. "पायांपासून नाही सुरू होत ते. नखांपासून होतं, हाताच्या. आणि डॉक्टरकडे मी नव्हते गेले, वहिनी पळाली होती. मांडी माझी होती."